मडगार्डवरचे दोन ठोके

खामगावातल्या त्या टिनाच्या गॅरेजात भर दुपार झाली होती. जुन्या वर्तमानपत्रावर बेअरिंगच्या आठ अर्धगोल पट्ट्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही ओरखडा नव्हता. गाडीचे मालक उकंडराव यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक पट्टी उचलून उन्हात धरली आणि खाली ठेवली.

"मिस्त्री, हे तं आरशासारखं लखलख हाय. मंग गेलं काय होतं?"

सहदेवने मान वर केली नाही. एकतीस वर्षांत त्याने इंजिन कधी विनाकारण उघडले नव्हते. लांब पेचकसाचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. पार संग्रामपूरहून लोक गाड्या आणत, त्या केवळ त्याने ऐकाव्यात म्हणून. तो जे सांगे तेच उघडल्यावर निघे. कानवाला मिस्त्री, असे त्याचे नावच पडले होते.

तो कान दोन वर्षांपूर्वी विझला. एकदम नव्हे, तिन्हीसांजेला झाडावरची पाखरे एकेक करून गप्प होत जावीत तसे आवाज मावळत गेले. आधी वाल्वची बारीक टिकटिक गेली, मग बाकीचे. माणसांचे बोलणे अजून पोचत होते. इंजिनाचे पोचत नव्हते. हे फक्त त्याच्या मुलीला, मंजुश्रीला, ठाऊक होते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा पुरा करून ती गॅरेजात येऊ लागली तेव्हाच तिच्या ते ध्यानात आले, आणि तिने त्याविषयी अवाक्षर न काढता एक रीत बसवली. इंजिन बंद झाले की सहदेव मडगार्डवर तळहात टेकवून, मिटल्या डोळ्यांनी क्षणभर तसाच वाकून राही. पलीकडून तिची बोटे पत्र्यावर ठोके देत. एक ठोका, वाल्व. दोन, बेअरिंग. तीन, इंजेक्टर. तळहाताला जे कळे ते तो तोंडाने सांगे.

परवा उकंडरावांची पिकअप आली. इंजिन बंद झाले, दोन ठोके आले आणि तो म्हणाला, "बेअरिंग." डोळे उघडले तेव्हा मंजुश्रीची बोटे अजून हवेतच होती, आणि उकंडराव घाईघाईने हातातल्या अंगठीने मडगार्ड वाजवत उभे होते. पण शब्द तोंडातून गेला होता. कदाचित बेअरिंगच असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. मग दोन दिवस बापलेक एकमेकांकडे न पाहता नट सोडवत राहिले.

"चूक माही हाय काका," मंजुश्री म्हणाली. "म्याच आधी गाडी चालवून पाह्यली न बाबाले बेअरिंग सांगतलं. इंजेक्टर हाय. संध्याकाळी करून देते."

उकंडराव हसले. "पोरीच्या सांगन्यावर इंजिन खोललं? वा मिस्त्री! अन आमच्या जावयानं सोमवारपासून हिले बायपासच्या वर्कशॉपमंधी कामाले घेतली. चार पोरं सोडून घेतली बरं! तिथं हिनं असंच खोलून ठेवलं तं जावई घरी बसन माहा. फोन कराच लागीन त्याले."

"करा न," ती म्हणाली. "जावई तुमचाच हाय."

हातातले फडके मात्र तिने घट्ट पिळले होते.

उकंडरावांनी फोन काढला. सारे किती सोपे होते, हे सहदेवला त्या क्षणी दिसले. गप्प राहिले की त्याचे नाव राहत होते आणि मुलगीही राहत होती. सोमवार उजाडला असता आणि ती इथेच, मडगार्डच्या पलीकडे उभी असती. या विचाराची त्याला लाज वाटली. पण लाजेआधी वाटले होते ते हायसे, आणि तेच त्याला सहन झाले नाही.

"उकंडरावभाऊ, ठेवा तो फोन. तिची काही चूक नाही. मले इंजिन ऐकूच येत नाही. दोन वर्सं झाले."

"मस्करी करता काय मिस्त्री?"

"बाबा, राहू द्या न!"

"हे पोरगी पत्र्यावर ठोके देते, मी बोलतो. परवा तुमची अंगठी वाजली. मले वाटलं, हिनंच सांगतलं."

उकंडरावांनी आपल्या अंगठीकडे पाहिले, जणू ती दुसऱ्याच कोणाच्या बोटात होती. "मंग दिवाळीत ट्रॅक्टरचा पंप पकडला होता, तो?"

"हिनं."

"अन पिंपळगावच्या माह्या भाच्याची गाडी?"

"ते बी हिनंच. काम मी करतो भाऊ, हात हायेत अजून. ऐकते मातर हे."

फोन पुन्हा खिशात गेला. "काऊन लपवलं बाप्पा इतके दिवस?" उकंडराव पुटपुटले, आणि मग मंजुश्रीकडे वळले. "जावयाले सांगतो, लेका, तुले फुकटात सोनं सापडलं."

ती खाली बसून पट्ट्या एकेक करून क्रमाने उचलू लागली. पाचवीपाशी तिचा हात थांबला.

उकंडराव मडगार्डला टेकले. चेहऱ्यावरची थट्टा ओसरली होती. ते सहदेवच्या अगदी जवळ वाकले आणि बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे, एकेक शब्द सुटा करून, ओरडले,

"अन सोमवारपासून, मिस्त्री? इथं कोन ऐकन?"

त्या गॅरेजात सहदेवशी असे ओरडून कोणी कधी बोलले नव्हते. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसे वळून पाहू लागली. प्रश्न त्याला लख्ख ऐकू आला होता. त्याने बाही कोपरापर्यंत दुमडली आणि टिनाच्या सावलीतून बाहेर, उन्हातल्या नळाकडे, तो हात धुवायला निघून गेला.