एकोणीस वर्षांची काच

मी ज्या जुन्या वाड्याची डागडुजी करतो, त्याच्या वरच्या चित्रदालनाच्या भिंतीत एक भेग आहे, माझ्या बापाच्या वेळेपासूनची. बापही माझ्यासारखाच गवंडी. त्याने भेगेवर बोटभर रुंदीची काचपट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना चुन्याचे गोळे लावले आणि ओल्या चुन्यावर खिळ्याने तारीख कोरली. भिंत जराशी जरी हलली तरी काच फुटते. काच फुटली की दालन बंद, मग तपासणी, हा आमच्या इमारतीचा नियम. बाप म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल, काच नाही बोलणार." पोटचा पोरगा काचेलाही खोटं बोलायला लावेल, हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही.

त्याची काच गेल्या वर्षी फुटली. एका वेळी पंधरा माणसं वर सोडायची पद्धत होती. पर्यटकांच्या बस यायला लागल्या आणि पंधराचे चाळीस झाले. त्याच महिन्यात माझी लेक तिथे गाइड म्हणून लागली होती. दालन बंद म्हणजे तिची नोकरी बंद, आणि चहावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळे माझ्या नावाने बोटं मोडणार. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. नवी काच बसवली आणि तारीख मात्र बापाचीच कोरली. तीन महिन्यांपूर्वी तीही फुटली. दुसऱ्या वेळी माझा हात थरथरला नाही, याचीच मला जास्त लाज वाटते.

रोज दार उघडायच्या आधी मी वर जाऊन काच बघतो. त्या दिवशी सुट्टी होती, अंगणात सहा बस उभ्या होत्या, आणि मॅनेजरसाहेबांनी मला फाटकाच्या बिजागरीला जुंपलं. मी जिना चढून गेलो तेव्हा पहिले चाळीस जण आत पोचले होते. लेक भिंतीकडे पाठ करून बोलत होती.

"ही काच माझ्या आजोबांनी बसवलेली. वयाने माझ्याहून थोडी लहान, आणि माझ्याहून पुष्कळ कमी बोलते." लोक हसले. "एकोणीस वर्षं अखंड आहे. म्हणजे एकोणीस वर्षांत ही भिंत केसभरही हललेली नाही."

पुढे उभे असलेले एक आजोबा चष्मा सावरत म्हणाले, "पण ताई, ही तर फुटलीय."

काच मधोमध तुटून एक तुकडा लोंबत होता. भेगेतून चुन्याची भुकटी पिठासारखी गळत होती, खालच्या चित्रातल्या पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर. लेकीने वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा?"

"आधी माणसं खाली ने," मी म्हणालो. "पाच-पाच जण. पाय आपटायचे नाहीत, भिंतीला हात लावायचा नाही."

तिने आवाज जराही न चढवता सगळ्यांना ओळीत उभं केलं. पहिले पाच निघाले आणि खालून बुटांचा खडखडाट ऐकू आला. दुसरे चाळीस जण वर येत होते आणि सर्वांत पुढे मॅनेजरसाहेब. मी धावत तीन पायऱ्या उतरलो आणि दोन्ही हात पसरून जिना अडवला.

"साहेब, मागे फिरा. काच फुटलीय."

"मिस्त्री, बाहेर पाच बस खोळंबल्यात! संध्याकाळी बसव की दुसरी." मग लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून ते जवळ सरकले. "अरे, एकोणीस वर्षांनी एक काच फुटली, तर काय आभाळ कोसळलं का?"

माझ्या पाठीमागे वरच्या पायरीवर लेक उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. गप्प राहिलो तर लोक वर चढणार, बोललो तर ती ऐकणार. वर आणखी काहीतरी टपटपलं.

"एकोणीस वर्षांनी नाही, साहेब," मी म्हणालो. "वर्षभरात ही तिसरी. आधीच्या दोन मी गुपचूप बदलल्या. तारीख खोटी कोरली."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्वतःच मागे वळून लोकांना उतरवायला लागले. वरची माणसं पाच-पाच करून आली. लेक सगळ्यांत शेवटी आली आणि माझ्याकडे न बघता बाजूने निघून गेली. अर्ध्या तासाने हातभर गिलावा घोड्याच्या डोक्यासकट जमिनीवर पडला. तो घोडा तीनशे वर्षं तिथे होता.

संध्याकाळी तिने एकच विचारलं, "आजोबांची काच फेकलीत?"

फेकली नव्हती. हत्यारांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळून ठेवली होती, फेकायला हात धजला नव्हता. तिने दोन्ही तुकडे घेतले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दालनाला कुलूप होतं. बस तरीही आल्या. लेक फाटकाशी उभी राहिली, तळहातावर ते तुकडे घेऊन. मी चुन्याचं घमेलं घेऊन शेजारूनच चाललो होतो.

"ही माझ्या आजोबांची काच," ती लोकांना सांगत होती. "भिंत हलतेय, हे हिने गेल्या वर्षीच सांगितलं होतं. माझ्या बाबांनी ते लपवलं. आणि मी रोज इथे उभी राहून तुमच्यासारख्यांना खोटं सांगितलं." मग तिने माझ्याकडे हात केला. "हे माझे बाबा. काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा."

मी घमेलं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.