काळ्या पट्ट्याचा मासा

अमेझॉनकाठच्या मनाउसची सकाळ नमुन्यांच्या त्या खोलीत कधीच घाईने शिरत नसे. आधी ती काचेच्या बरण्यांच्या खांद्यांवर टेकायची, मग अल्कोहोलमध्ये सावकाश उतरायची आणि वर्षानुवर्षे रंग हरवून बसलेल्या माशांना क्षणभर मधाची छटा देऊन जायची. एवाल्दो हे रोज पाहत असे. आज त्या उजेडानेही त्याला थकवा आला.

समोर काळ्या पट्ट्याचे बोटभर मासे होते. नवी जात म्हणून त्यांचे वर्णन लिहिण्यात त्याची उमेदीची वर्षे सरली होती. नावही ठरले होते. ज्या नावाड्याने आडबाजूच्या ओढ्यात हा मासा पहिल्यांदा धरला, त्या तिबुर्सियोचे.

"एकाचं तरी पोट उघड रे," पलीकडच्या टेबलावरून त्याची सहकारी नेइदे म्हणाली. "निबंधाचे परीक्षक पुन्हा विचारतील."

"नमुने थोडे आहेत. खराब होतील."

"हे तू मागच्या पावसाळ्यातही म्हणालास."

तेवढ्यात तिबुर्सियोच दारात आला. इस्पितळातून थेट इकडे. हातात कसाव्याच्या कंदाच्या पिठाची पुरचुंडी.

"काय डॉक्टर, माझा मासा छापून आला का? की मी गेल्यावर छापणार?"

"येईल, काका. बसा."

"बसतो. दुसरं जमतंय काय आता." तो हसला, मग बराच वेळ खोकला. "नातीला सांगितलं, आजाच्या नावाचा मासा आहे. तर म्हणते, तळून चांगला लागतो का?" त्याने बरणी उजेडात धरली. "आणि हा नर की मादी? पोरगी विचारील हो."

एवाल्दोची नजर शेजारच्या बरणीवर गेली. त्याच ओढ्यातली बिनपट्ट्याची जात तिच्यात होती. फार पूर्वीच कुणीतरी नाव दिलेली. त्या माशांची पोटे त्याने कधीच उघडली होती. प्रत्येकीत अंडी.

त्याने कात्री उचलली. नेइदेने मान वर केली नाही. पहिल्या माशात कण्यालगत दोन पांढुरक्या, अरुंद फिती. दुसऱ्यात त्याच. तिसऱ्यातही.

"नर आहे, काका."

"मग शोभेल नाव," म्हातारा समाधानाने म्हणाला आणि पुरचुंडीची गाठ सोडू लागला.

उजेड आता बरण्यांवरून निघून जमिनीवर आला होता. पट्ट्याचे सगळे नर होते, बिनपट्ट्याच्या सगळ्या त्यांच्याच माद्या. नवी जात नव्हतीच.