सत्यभामाबाईंच्या फाटकावरची पाटी

मी सत्यभामाबाईंच्या फाटकावरची पाटी. माझ्यावर जे लिहिलंय तेवढंच सांगायचं, ही माझी सवय. पण माझी निम्मी अक्षरं गेली, म्हणून आज तोंड उघडलंय.

मला रंगवलं सत्यभामाबाईंच्या नवऱ्यानं, सखारामनं. एकेकाळी छावणीच्या बाजारातल्या अर्ध्याअधिक दुकानांची नावं त्याच्या हातची होती. पुढं फ्लेक्स आले आणि त्याचे कुंचले डब्यात वाळून गेले. तो घरं रंगवायला जाऊ लागला. बायकोनं शिलाई मशीन घेतली, तेव्हा त्यानं कुंचला रॉकेलात भिजवून पुन्हा मऊ केला आणि माझ्या पत्र्याला पिवळ्या रंगाचा हात दिला. वर ठळक लाल अक्षरांत 'सत्यभामा' आणि खाली 'शिवणकाम, पिको-फॉल'. वरचं नाव काढायला त्यानं अख्खा रविवार घातला. खालचं पटकन उरकलं.

पडेगावच्या त्या गल्लीत मी कुणाला त्रास दिल्याचं मला आठवत नाही. मिटमिट्याहून, छावणीतून बाया यायच्या, मला वाचून फाटकाची कडी वाजवायच्या. भीमजयंतीच्या आधी तर पांढऱ्या साड्यांच्या ब्लाउजांचा ढीग लागायचा. समोरची रूपाही सगळं इथंच शिवून घ्यायची.

मग शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदा निघाला. दौलताबाद रस्त्यालगतचे प्लॉट व्यापारी होणार, आतल्या गल्ल्या रहिवासी राहणार, हरकती असतील तर कळवा, असं त्यात होतं. कॉलनीची बैठक तात्यासाहेबांच्या अंगणात भरली. ही सगळी कॉलनीच त्यांच्या जुन्या शेतावर वसलेली. सगळे प्लॉट विकून रस्त्यावरचा कोपरा तेवढा त्यांनी स्वतःला ठेवला होता. शिवाय कॉलनीचे अध्यक्षही तेच.

बैठकीतून आल्यावर सत्यभामाबाईंनी सखारामला सगळं सांगितलं, ते मी फाटकावरून ऐकलं. कुणाला दारापुढं लागणाऱ्या स्कूटींचा राग होता, तर कुणाला वाटत होतं की पाट्यांमुळं गल्ली बाजारासारखी दिसते. तात्यासाहेबांनी शांतपणे तोडगा काढला. रस्ता व्यापारी होऊ द्यायचा आणि गल्लीत एकही पाटी ठेवायची नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. रूपानं तर खाली बघतच केली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सखारामनं मला स्वतःच उतरवलं. दुसऱ्या कुणी ओढून काढावं, हे त्याला बघवलं नसतं.

मी मशीनमागं, भिंतीकडं तोंड करून पडले. कामं कमी झाली. मिटमिट्याच्या कडूबाई मुलीच्या लग्नाचं कापड घेऊन आल्या होत्या. गल्लीत दोन चकरा मारल्या, घर काही ओळखू आलं नाही, आणि त्या छावणीतल्या दुकानात गेल्या. हे सत्यभामाबाईंना लग्न झाल्यावर कळलं. त्या दिवशी मशीनची पायपट्टी हललीच नाही.

इकडं आराखडा मंजूर झाला आणि तात्यासाहेबांच्या कोपऱ्यावर हॉटेल उभं राहिलं. त्याच्या गच्चीवर माझ्यासारख्या शंभर पाट्या मावतील एवढा बोर्ड चढला. लाल-निळे दिवे सारखे उघडझाप करायचे. उजेड रूपाच्या खिडकीतून थेट पलंगावर पडायचा. गाड्या गल्लीच्या तोंडाशी लागू लागल्या. पुन्हा बैठक झाली, तिथलंही मी नंतर मशीनमागूनच ऐकलं. तात्यासाहेबांनी सह्यांचा कागद दाखवला आणि म्हणाले, रस्ता व्यापारी करा असं तुम्हीच लिहून दिलंय.

तेव्हा सत्यभामाबाई उठल्या. "तात्यासाहेब, माझ्या पाटीला दिवा नव्हता. तरी ती तुमच्या डोळ्यात खुपली. आता सांगा, गल्ली शांत झाली का?"

रूपानं पदर सावरला. चहा आला, तो पिऊन लोक उठले.

बाई मात्र सरळ महापालिकेच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी नियम वाचून दाखवला. घरगुती व्यवसायाला रहिवासी गल्लीतही पाटी चालते. फक्त ती लहान, बिनदिव्याची आणि भिंतीला चिकटलेली हवी. नियम पहिल्यापासून तसाच होता. कॉलनीतल्या एकानंही तो वाचला नव्हता.

आनंद व्हायला हवा होता, पण बाई चिडूनच घरी आल्या. इतके महिने मी विनाकारण भिंतीकडं तोंड करून होते. आणि आता मी मापात बसत नव्हते. नेमकी दुप्पट मोठी होते.

"नवी रंगवा की," त्या म्हणाल्या.

सखारामनं हात पुढं केला. बोटं थरथरत होती. "एवढं बारीक अक्षर आता जमायचं नाय. हिलाच कापावं लागंल. वरचं ठेवू का खालचं?"

बाईंनी माझ्या दोन्ही ओळींवरची धूळ पदरानं पुसली. "खालचं ठेवा."

"नाव मी लई जीव लावून काढलं होतं."

"व्हय. पण ते तुम्हाला ठाऊक हाय तेवढं बास. लोकांना काम कळू द्या."

त्यानं पत्रा कापायची कात्री घेतली. मधे दोनदा थांबला. माझी वरची बाजू त्यानं जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवली.

आता मी फाटकाशेजारच्या भिंतीवर आहे. कडेचा पत्रा उघडा पडलाय, तिथून गंज धरायला लागलाय. बाया पुन्हा येतात. कॉलनीच्या बैठका चालूच आहेत, आता दिव्यांवरून. माझ्यापुढून लोक भांडत जातात, भांडत येतात. नियम मात्र अजून कुणी वाचत नाही. रूपा ब्लाउज टाकायला येते, पण फाटकाशी जरा घुटमळते.

नव्या गिऱ्हाईक बाया मला वाचून हाक मारतात, "ओ शिलाईवाल्या बाई!" आतून 'आले' म्हणून उत्तर येतं. दर वेळी माझा जीव तुटतो, कारण मला आता तेवढं सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही कधी या गल्लीत आलात, तर तशी हाक मारू नका. त्यांचं नाव सत्यभामा आहे.