रबरी टोप्या

"तक्रार तुमचीच ना, बाई?" दारूच्या परवान्यांच्या खात्यातून आलेल्या साहेबांनी रस्त्यातूनच वर बघून विचारलं.

झालं! साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची काही गरज होती का? बारसमोरच्या फरशीवर लोक ग्लास घेऊन बसले होते, त्यांनीही माना वर केल्या. सिस्टर चटकन गॅलरीतून मागे सरकल्या. मग चष्मा चढवून, जिन्याचा कठडा धरत खाली आल्या. दारात बाहेरच्या टेबलांचा वेटर ट्रे घेऊन उभा होता. त्याच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

रुग्णालयातून निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटला होता, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. राहायच्या बारच्या बरोबर वर. संध्याकाळी खाली लोखंडी खुर्ची कर्रकन ओढली गेली, की त्या कठड्यावरून वाकून ओरडायच्या, "हळू!"

"हो सिस्टर!" वेटर खालून म्हणायचा. "पेशंट झोपलेत का?"

"हे सगळे उद्याचे पेशंटच आहेत मेले! प्या म्हणावं अजून!"

पिणारेही हसायचे. सिस्टरही आत जाऊन एकट्याच हसायच्या. मुलगा लांब, त्याचा फोन आला तरी घाईतला. दिवसभरात त्यांचं कुणाशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

मध्यंतरी हा वेटर रजेवर गेला. त्याच्या जागी आलेल्याने त्यांची हाक ऐकून वर पाहिलं आणि म्हणाला, "ए म्हातारे, जा ना आत!" लोक तेव्हाही हसले. पण ते हसणं वेगळं होतं. सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी तक्रार लिहून टाकली.

"उघड्यावर दारू द्यायची परवानगी वस्तीला त्रास नसेल तरच असते," साहेब आता बारमालकाला सांगत होते. "बाईंना त्रास आहे. आजपासून बाहेर दारू बंद. चहा द्या हवा तर."

"अहो, पण मी खुर्च्यांबद्दल लिहिलं होतं!" सिस्टर म्हणाल्या. "ओढतात, आवाज होतो, एवढंच."

"खुर्च्या आमच्याकडे येत नाहीत, बाई. आमच्याकडे दारू येते."

कुणीतरी फिसकन हसलं. वेटर मात्र हसला नाही.

"तुम्ही लिहिलंत?" तो म्हणाला. "मला सांगायचं ना, सिस्टर. मला वाटायचं, आपली गंमत चाललीये."

"गंमतच होती रे," त्या म्हणाल्या. पण तोवर तो ग्लास गोळा करायला वळला होता.

"चहा प्यायला बारमध्ये कोण मरायला येतंय!" म्हणत मालकाने टेबलं उचलली, खुर्च्या उलट्या करून भिंतीशी रचल्या. आतल्या टेबलांना आतले वेटर होतेच. बाहेरचा वेटर थोड्याच दिवसांत दिसेनासा झाला. सिस्टरांनी विचारलं, तर मालक म्हणाला, "लागला असेल कुठेतरी. मला काय सांगून जातात होय?"

संध्याकाळी आता गल्ली चिडीचूप असे. उभ्या नोकरीत सिस्टरांनी वॉर्डात शांतता मागितली होती. आता मिळाली, तर घर खायला उठलं. रेडिओ लावावा, बंद करावा. गॅलरीत जावं, खाली मोकळी फरशी बघून परत यावं. नक्की काय हवं होतं आपल्याला, असं त्यांनी स्वतःलाच रागावून विचारलं.

एका दुपारी त्या औषधांच्या दुकानात गेल्या. म्हाताऱ्यांच्या काठीच्या टोकाला असतात तसल्या रबरी टोप्या त्यांनी पिशवीभर घेतल्या.

"वॉर्ड उघडताय की काय, सिस्टर?" दुकानदाराने विचारलं.

उलट्या खुर्च्यांचे पाय वरच होते. सिस्टर एकेका पायाला टोपी घालून अंगठ्याने घट्ट दाबत गेल्या. मालक बाहेर आला.

"अहो, कशाला दमताय? विकल्या मी त्या. संध्याकाळी न्यायला येतायत."

सिस्टरांनी हातातली टोपी पायावर बसवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तिथेही वर कुणीतरी राहत असेल."

आणि उरलेल्या पायांनाही त्यांनी टोप्या घातल्या.

संध्याकाळी गाडी आली. दोन माणसं फरशीवरून खुर्च्या ओढत गाडीकडे नेऊ लागली. सवयीने सिस्टर कठड्यावरून वाकल्या. खुर्च्या मुकाट सरकत होत्या. शेवटची खुर्ची गाडीत चढेपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. ओरडायला काही कारणच नव्हतं.