खच्चून भरलेली बस

शिंपीणबाईचा पाय त्या सकाळी घरात ठरत नव्हता. फाटकापर्यंत जायचं, वळणाकडे मान उंचावून बघायचं, परत यायचं. परत आली की नवरा पाणी मागायचा आणि ती नाही म्हणायची. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेल्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं, आणि आजचा वाटा तो केव्हाच संपवून बसला होता.

"अगं, तू बघत बसलीस म्हणून बस लवकर येणार आहे का?"

"तुम्ही गप्प बसा आणि चपला घाला."

"चढत नाहीत."

खरंच चढत नव्हत्या. पाय सुजून टम्म झाले होते. तिने शिवणाची मोठी कात्री आणली आणि चपलांचे पट्टे सरळ कापून टाकले.

शहरातल्या दवाखान्यात त्याचं रक्त दर दोन-तीन दिवसांनी मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागे. मागच्या वेळी बस नादुरुस्त होती, म्हणून पाळी चुकली. आजचीही चुकली तर मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. दुसरं वाहन म्हणाल तर दुधाची गाडी पहाटेच जाते, आणि जीपवाला बाहेरगावी उलथलेला. राहिली बस.

तीही कसली बस! चौदा आसनांची खटारी. डोंगरावरच्या वस्तीतून निघायची, मधल्या वस्तीला थांबायची, शेवटी यांचं गाव घेऊन शहर गाठायची. बसणार कोण, तर हा एकटा, फार तर आणखी एखादा. ड्रायव्हरमामा त्याला दवाखान्याच्या दारात उतरवून परत येताना घेऊन यायचे, म्हणून बाईला घरी शिवण तरी उरकता यायचं. आणि आता बसच्या कार्यालयातून निरोप आला होता की आज साहेब स्वतः बसमधून येऊन बघतील, ती ठेवायची की काढायची.

निरोप ऐकला आणि बाईच्या तोंडचं पाणी पळालं. मग पदर खोचून ती घरोघर फिरली.

"तुला शहरात काय काम?" तिने न्हाव्याला विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही कसं? वस्तरे आणायचेत तुला. तातडीने!"

म्हाताऱ्या पोस्टमनला तिने डोळे तपासायला लावले. थोरल्या जावेशी तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण तिच्याही दारात गेली आणि तिला नसलेली बहीण देऊन आजारी पाडली. शेवटी सगळ्यांना दम भरला, "साहेबाने काहीही म्हटलं तरी हटायचं नाही. जो ढिला पडेल त्याचा एक कपडा मी जन्मात शिवणार नाही."

इथवर ठीक होतं. पण बाईची अक्कल त्याच्याही पुढे धावली. साहेब वरूनच बसून येणार, रिकामी बस बघत इथवर पोचणार, तोवर त्याचं मत पक्कं झालेलं असणार. मग आपल्या थांब्यावर गर्दी करून काय उपयोग? तिने अख्ख्या टोळीला वरच्या वस्तीला पिटाळलं. तिथूनच चढा म्हणाली. बिचारे भल्या सकाळी चढण चढून गेले.

एकदाची बस वळणावर दिसली. खिडकीखिडकीत डोकं! बाईला इतका आनंद झाला की तिने नवऱ्याचा हात दाबला. तो कळवळला.

दार उघडलं. ड्रायव्हरमामांचं तोंड उतरलेलं होतं.

"वहिनी, जागा नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. एकूण एक आसन भरलंय."

"मग उभे राहतील हे!"

पुढच्या आसनावरून साहेबांनी मान वळवली. माणूस वाईट नव्हता. "उभ्याने कोणालाही नेता येत नाही, बाई. त्यांची तर अवस्था बघा." मग ते मागे वळून म्हणाले, "कोणी संध्याकाळच्या फेरीने येईल का?"

"वस्तरे आणायचेत, साहेब," न्हावी लगेच म्हणाला. "तातडीने!"

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजच बोलावलंय," पोस्टमन म्हणाला.

"माझी बहीण शेवटच्या घटका मोजतेय हो," जाऊ म्हणाली, आणि तिने डोळ्यांना पदरही लावला.

बाईने दाराचा दांडा धरला. "अरे, उतर रे एक जण! ह्यांना जायचंय!"

न्हाव्याने तिला हळूच डोळा मारला. काय झकास नाटक करते बाई, असंच त्या मठ्ठाला वाटलं असणार. सगळे जिवावर उदार होऊन आपापल्या जागी चिकटून बसले. ढिलं पडायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं ना!

साहेबांनी घड्याळ बघितलं. "चला, उशीर होतोय." ड्रायव्हरमामांचा हात गिअरकडे गेला, पण पुढे सरकेना. मागे फाटकाला टेकलेला नवरा धापा टाकत होता.

"उतरा!" बाई किंचाळली. "सगळे उतरा! साहेब, एकालाही काही काम नाही. मीच शिकवून धाडलेत. हिला बहीणच नाही!"

बसमध्ये सगळ्यांची तोंडं गोरीमोरी झाली.

"अगं, वेडी की काय तू?" जाऊ दात ओठ खात पुटपुटली. "बस काढून घेतील ना!"

"घेऊ देत. उद्याचं उद्या. आज हे जगले पाहिजेत!"

एकेक जण खाली मान घालून उतरला. न्हाव्याने आणि जावेने दोन्हीकडून धरून त्याला वर चढवलं, खिडकीपाशी बसवलं. जावेने खिडकीची काच खाली घेतली आणि त्याला वारा लागतोय ना ते बघूनच ती उतरली.

साहेबांनी त्या रिकाम्या आसनांवरून नजर फिरवली. मग खिडकीतून वाकून म्हणाले, "म्हणजे खरोखर जाणारा माणूस एकच."

"एकच."

"एका माणसासाठी बस कशी चालवायची, बाई? तुम्हीच सांगा."

अख्ख्या गावाला उत्तरं पढवणारी ती. स्वतःसाठी एकही ठेवलं नव्हतं.

"माझ्याकडे तरी एकच आहे हो, साहेब."

ड्रायव्हरमामांनी साहेबांच्या हुकमाची वाट बघितली नाही. त्यांनी गिअर टाकला.