तडा नाही

माझ्या मुलीचं, क्वेताचं लग्न झालं ते २००४ साल. ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि ब्रनो शहरातल्या घरात मी आणि माझा संगणक उरलो. त्याच सुमाराला आम्ही काही जण सांभाळत असलेल्या सॉफ्टवेअर लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचात, थ्रेडची नवी पद्धत आली. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं. या पद्धतीला ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाही नवा लागायचा. जुन्या गाभ्यावर सगळं बंद पडू नये म्हणून मी एक जोडरस्ता ठेवला. आधी गाभ्याला विचारायचं, नवं येतं का. येत नसेल तर मुकाट्यानं जुन्या वाटेनं जायचं.

हा जोडरस्ता सांभाळणं कटकटीचं होतं. प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागे. म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे मी दर वसंतात लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांना ईमेलनं पत्र टाकायचो: जुना गाभा अजून कोणी वापरतं का? कोणी बोललं नाही तर जोडरस्ता काढतो. सुरुवातीला बरीच उत्तरं यायची. पुढे एकच येऊ लागलं, उत्तरेकडच्या काचेच्या गावातून, वेंडेलिन क्रेयची या कारागिराचं. काच हळूहळू निववणारी त्याची भट्टी एका जुन्या संगणकावर चाले. त्यातलं भट्टीची आच सांभाळणारं कार्ड नव्या गाभ्यावर चालत नसे. माझं पत्र आलं की तो नवी लायब्ररी घालून भट्टी चालवी आणि कळवी, "वापरतो. नीट निवली. तडा नाही."

"ओटाकार, एका म्हाताऱ्याच्या भट्टीत आम्ही सगळ्यांनी किती वर्षं भाजून घ्यायचं?" माझी सहकारी द्राहोस्लावा एकदा वैतागली. "नवं कार्ड नेऊन दे बाबा त्याला, आणि सोडव आम्हाला."

त्या वसंतात उत्तर आल्याबरोबर कार्ड खिशात टाकून मी गेलो.

दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. "पत्रवाले तुम्हीच? मला वाटलं होतं, दाढी असेल." त्यानं चहात रम ओतली, निम्मी टेबलावर सांडली. "टेबलालाही थंडी वाजते," म्हणाला.

भट्टी अजून कोमट होती. मी तिचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं. भिंतीशी टेकवलेल्या फुंकनळ्यांवर धूळ साचली होती.

"काच कुठाय, काका?"

"हात असे झाल्यावर कसली काच!"

"मग रिकामी भट्टी कशाला तापवता?"

"तुम्ही विचारता ना. तपासल्याशिवाय कसं सांगू?" कपाकडे बघत तो म्हणाला, "आता काढून टाकाल."

खिशातलं कार्ड बोटांना लागलं.

"ते पुढच्या वसंतात विचारीन," मी म्हणालो. "तुम्ही उत्तर द्या म्हणजे झालं."

"देतो की. मला दुसरं काम काय?"

कार्ड तसंच परत आलं. द्राहोस्लावाला मी सांगितलं, जोडरस्त्याचं सगळं काम यापुढे माझ्या वेळेत, माझ्या घरी. ती म्हणाली, "जेवतोस तरी का वेळेवर?" आणि दुसऱ्या कामाला लागली. त्यानंतरही मी विचारत राहिलो आणि तिकडून "तडा नाही" येत राहिलं.

मग एका वसंतात कोणीच बोललं नाही. मुदत संपली तरी मी थांबलो. उन्हाळा सरत आल्यावर गावात फोन केला. शेजारीण बोलली.

दुसऱ्या दिवशी जोडरस्ता काढला. सगळ्या चाचण्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. बदलाच्या नोंदीत लिहिलं, वापरणारं कोणी उरलं नाही.

वेंडेलिन क्रेयची २०१३ च्या फेब्रुवारीत घरीच वारला.