बाईंच्या कानी न पडलेली कुरकुर

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. एका गॅरेजच्या मागच्या फळीवर पोट उघडं टाकून पडलो आहे. अंगात तेल नाही, आणि खरं सांगायचं तर बोलायची उमेदही फारशी उरलेली नाही. पण मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता तेव्हा इंजिनाला खेटून माझ्यासारखा कोणीतरी राबत असतो, हे तुमच्या ध्यानीमनीही नसतं. म्हणून दमलो असलो तरी सांगतो.

कारखान्यात माझे दात कापले, घासले, भट्टीत भाजून टणक केले. इंजिनाची ताकद चाकांना बेताबेताने वाटून द्यायची, चढावर जोर आणि सपाटीवर वेग, हे माझं काम. मला एका छोट्या निळ्या गाडीत बसवलं आणि ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी घेतली. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे त्या स्वतः, ती एक गाडी आणि छतावरची पाटी. बस्स.

शिकाऊ लोकांच्या हाती पडणं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक. कोणी क्लच अर्धाच दाबायचा, कोणी तिसऱ्याऐवजी मला पहिल्यात कोंबायचा. बाई ओरडायच्या, "अहो, गिअर टाकायचाय, खिळा नाही ठोकायचा!" त्या काळी त्या मला फार जपायच्या. वेळच्या वेळी तेल बघून घ्यायच्या. "आमच्या गाडीचा गिअर कसा लोण्यासारखा पडतो," असं चारचौघांत सांगायच्या. तेवढ्यानेही माझा शीण जायचा.

नवव्या वर्षी तेल अडवून धरणारं माझं एक सील झिजलं. गाडी उभी असायची तिथे फरशीवर बटणाएवढा काळपट डाग दिसू लागला. बाईंनी त्यावर पुठ्ठा टाकला आणि शिकवणीला निघून गेल्या. शिकाऊ वाढले होते, दिवस पुरत नव्हता. मग सकाळी सकाळी माझा दुसरा गिअर अडायला लागला. पुढे वेग घेताना माझ्या पोटातून बारीक, उंच कुरकुर येऊ लागली. तेल कमी पडलं की बेअरिंग असंच रडतं. मी रोज सांगत होतो. पण ती कुरकुर बाईंना ऐकूच येत नव्हती. गिअर टाकताना होणारी मोठी खरखर तेवढी त्यांच्या कानी पडायची आणि बोलणी खायचा समोरचा शिकाऊ.

त्यातली एक होती दवाखान्यातली नर्स. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटकडे घरोघर जायचं काम तिला मिळणार होतं, पण लायसन्स असेल तरच. मन लावून शिकली बिचारी. तरी खरखर झाली की बाई म्हणायच्या, "किती वेळा सांगू? पाय पूर्ण दाब!"

"दाबलाय हो बाई, पूर्ण दाबलाय," ती रडवेली होऊन म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी चढावर तिने गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला, क्लच अगदी हळुवार सोडला. तिचं काहीच चुकलं नाही. माझे झिजलेले दातच एकमेकांना धरून राहू शकले नाहीत. गिअर आपोआप निसटला आणि गाडी मागे घरंगळली. मागे भिंतीशी एक माणूस सायकल धरून उभा होता. नर्सने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला, तेव्हा गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. परीक्षकाने कागदावर नापासाचा शेरा मारला.

बाई म्हणाल्या, "तुझ्या हातून नाही व्हायचं हे." दुसऱ्या दिवसापासून नर्स यायची बंद झाली.

मित्रांनो, एवढं मी कधीच थकलो नव्हतो.

मग एक घड्याळं दुरुस्त करणारे काका शिकायला आले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"बाई, हे आत काय रडतंय?"

"कुठे काय? मला तर काही ऐकू येत नाही."

काका हलकेच म्हणाले, "एवढं मोठ्याने रडतंय. तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

बाईंचा चेहरा उतरला. टीव्हीचा आवाज किती मोठा करतेस, म्हणून त्यांची बहीण गेलं वर्षभर कटकट करत होती. तेही त्यांनी कानाआडच केलं होतं.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने मला खाली उतरवून उघडलं. तळाशी जेमतेम कपभर काळं तेल आणि त्यात लोखंडाचा चुरा. "सील गळायला लागलं तेव्हाच आला असतात, तर तासाभराचं काम होतं," तो म्हणाला. "आता यात राम नाही. दुसराच बसवावा लागेल."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या नर्सला फोन लावला. "अगं, चूक तुझी नव्हती. गाडीची होती." मग म्हणाल्या, "नाही गं, गाडीचीही नाही. माझी होती. येशील का परत?"

नर्स लगेच हो म्हणाली नाही. दोन आठवड्यांनी आली. तोवर गाडीत नवा गिअरबॉक्स बसला होता आणि बाईंच्या कानामागे छोटंसं यंत्र.

परवा ती नर्स दवाखान्याची गाडी स्वतः चालवत गॅरेजमध्ये आली. मेकॅनिकला म्हणाली, "कालपासून रिव्हर्स टाकताना किंचित अडकतंय. काही नसेलही. पण आजच बघा."

त्याने बघितलं. गिअरच्या तारेचा ताण तेवढा सैल झाला होता, तो नीट केला. तेल तपासलं, बॉनेट बंद केलं. ती पुढच्या पेशंटकडे निघून गेली.

मित्रांनो, मला आता काही नको. फक्त तुमच्या घरच्या गाडीतून काही वेगळं ऐकू आलं, तर रेडिओ मोठा करू नका. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही आधी कुरकुरतोच. आणि ज्याच्या हातात गिअरचा दांडा आहे, त्याला रागावण्याआधी जरा आमच्याकडेही बघा.